कुमुद भुवनची फाइल

नेरूरकर लिफ्ट्स कंपनीने कागद बंद करायचं ठरवलं आणि ते कळवलं कागदावरच. कागदही साधा नव्हे. जाड, गुळगुळीत, रंगीत. वर हिरवंगार झाड आणि खाली 'आपण आता पेपरलेस परिवार'. लालबागच्या जुन्या जागेत अशी सहा पोस्टरं आली. रेकॉर्ड रूमच्या नलूताई गावडे यांनी ती मोजून घेतली, आवक-जावक रजिस्टरात चढवली, एका पोस्टरच्या कोऱ्या पाठीवर रॅकचा नवा नकाशा काढला आणि उरलेली पाच कपाटावर टाकून दिली. भिंतीवर लावायला जागाच नव्हती. भिंती फायलींच्या मागे होत्या.

नेरूरकरांचा धंदा लिफ्ट बसवण्याचा आणि बसवलेल्या लिफ्ट सांभाळण्याचा. गिरगाव, दादर, परळ, माहीम या पट्ट्यात त्यांच्या चारशेच्या वर लिफ्ट होत्या, त्यातल्या कित्येक अजूनही लोखंडी जाळीच्या दारांच्या. प्रत्येक लिफ्टची एक फाइल. तिच्यात नकाशे, सरकारी परवाना, दरमहा तपासणीचे कागद आणि मेकॅनिकांचे रिपोर्ट. एकतीस वर्षं या फायली नलूताईंच्या हाताखालून गेल्या होत्या आणि मार्चअखेर त्या निवृत्त व्हायच्या होत्या. कंपनीचं मुख्य ऑफिस केव्हाच लोअर परळच्या काचेच्या टॉवरमध्ये, एकोणिसाव्या मजल्यावर गेलं होतं. फायली मात्र लालबागलाच राहिल्या, मसाल्याच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर. खाली मिरची कांडायला घेतली की वर आलेला माणूस शिंकून शिंकून बेजार होई. नलूताई शिंकत नसत. शिंकणं हे त्यांच्या मते नवख्याचं लक्षण होतं.

माणसांबद्दल नलूताईंचं मत एकंदरीत वाईटच होतं. काही माणसं फाइल नेत आणि परत आणत नसत. काही परत आणत, पण चहाचे डाग पाडून. सगळ्यात वाईट जात मेकॅनिकांची, आणि त्यातही लवू परबची. मशीनचं त्याला ज्ञान होतं, हे त्या नाइलाजाने कबूल करत. पण लवू रिपोर्ट कशावर लिहील याचा नेम नसे. फॉर्म सोडून तो मिठाईच्या खोक्याचं झाकण, लग्नपत्रिकेचं पाकीट, काय वाट्टेल ते आणून टेबलावर ठेवी, आणि त्यावर ग्रीसचा अंगठा असे. नलूताई तो कागद दोन बोटांत धरून त्याच्याच हातात परत देत आणि फॉर्मवर उतरवून आण म्हणत. तो निमूटपणे उतरवून आणी. असं वीस वर्षं चाललं होतं.

पेपरलेस होण्याची कल्पना मालकांच्या नातवाची, म्हणजे नीलची. नील परदेशात शिकून आला होता. लहानपणी तो आजोबांचं बोट धरून लालबागला यायचा आणि नलूताईंच्या टेबलावरचे शिक्के हातावर मारून घ्यायचा. आता तो त्यांना 'नलू मॅम' म्हणे. त्याच्या डोक्यात ही हवा भरली हितेंद्रने. हितेंद्र सर्व्हिस विभागाचा प्रमुख. मेकॅनिकांचे रिपोर्ट त्याच्याकडे जात, कुठल्या लिफ्टचा कुठला भाग कधी बदलायचा ते तो ठरवी. माणूस बोलायला गोड, कपड्याला टापटीप आणि कुठलाही कागद न वाचता त्यावर सही करण्यात तरबेज. सही मात्र झोकदार, हिरव्या शाईची.

ऑगस्टमध्ये हितेंद्रने एक स्कॅनिंगवाली कंपनी आणली. तिची प्रमुख म्हणजे आकांक्षा नावाची सव्वीस वर्षांची मुलगी. पायात पांढरे बूट, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात सारखा एकच शब्द, 'प्रोसेस'. तिने नलूताईंना समजावलं, की आठ वर्षांपूर्वीचं सगळं जुनं धरायचं, स्कॅन करायचं आणि यंत्रात घालून त्याच्या चिंध्या करायच्या. चालू फायलीही स्कॅन होतील, त्या मागाहून फाडायच्या. नलूताईंनी विचारलं, लिफ्ट चाळीस वर्षांची असली तर तिचा मूळ नकाशा जुना की चालू? आकांक्षाने ते वहीत टिपून घेतलं आणि विचारून सांगते म्हणाली. ती आजतागायत विचारते आहे.

स्कॅनिंग सुरू झालं आणि नलूताईंची करमणूक झाली. यंत्रावर बसलेले लोक फायलींच्या कोऱ्या पानांचेही फोटो काढत. गिरगाव हे नाव जुन्या कागदांवर इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं, म्हणून कॉम्प्युटरात तीन वेगवेगळी गावं तयार झाली, आणि एकाच इमारतीची लिफ्ट तिन्ही गावांत थोडी थोडी विभागली गेली. दादरच्या एका दवाखान्याच्या लिफ्टचा नकाशा उलटा स्कॅन झाला. तो पाहून एकोणिसाव्या मजल्यावरच्या कुणीतरी फोन करून विचारलं, या लिफ्टची मोटर तळाला कशी? नलूताई म्हणाल्या, स्क्रीन उलटी धरा. फोन ठेवल्यावर त्या मनाशी हसल्या. त्या दिवशी डब्यातली कुळथाची पिठीसुद्धा त्यांना नेहमीपेक्षा चवदार लागली.

ऑक्टोबरच्या एक तारखेपासून मेकॅनिकांचे फॉर्म बंद झाले. रिपोर्ट आता फोनमधल्या ॲपवर टाकायचे, असं फर्मान निघालं. उरलेले कोरे फॉर्म रद्दीत घाला म्हणून नलूताईंना निरोप आला. त्यांनी ते गठ्ठे बांधून आपल्या कपाटात ठेवले.

दिवाळीच्या आदल्या सोमवारी लवू आला. खाली मसाल्याची गर्दी होती, वर पंखा कुरकुरत होता. त्याने कॅलेंडरचं फाडलेलं पान पुढे केलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं: 'कुमुद भुवन. ब्रेक आता धरत नाय. लिफ्ट थांबल्यावर सरकते. बंद करा.' कुमुद भुवन म्हणजे ठाकुरद्वारजवळची चार मजली जुनी इमारत. तिथल्या लिफ्टचं ब्रेकचं अस्तर घासलं आहे, बदला, असं लवूने जुलैत लिहून दिलं होतं आणि ऑगस्टमध्ये पुन्हा. दोन्ही रिपोर्ट रीतसर फॉर्मवर होते. नलूताईंनी ते नोंदवून हितेंद्रकडे पाठवले होते. परत येऊन फायलीत लागताना त्यांच्यावर हितेंद्रचा हिरव्या शाईतला शेरा होता, की सध्या काही करू नये, सोसायटीशी नव्या लिफ्टची बोलणी चालू आहेत. नलूताईंनी तो वाचला होता आणि फाइल जागेवर ठेवली होती. शेऱ्यांवर मत देणं हे रेकॉर्ड रूमचं काम नव्हे.

नलूताईंनी कॅलेंडरचं पान वाचलं आणि परत त्याच्यापुढे सरकवलं. फॉर्म कुठाय, त्यांनी विचारलं. लवू म्हणाला, फॉर्म बंद झाले, आणि ॲपचा पासवर्ड त्याला अजून मिळाला नव्हता. लोअर परळला तीन खेपा झाल्या होत्या. एखादा जुना फॉर्म असेल तर द्या, असं तो म्हणाला. गठ्ठे नलूताईंच्या पाठीमागच्या कपाटात होते. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे हितेंद्र, ते पोस्टर, ते झाड आणि आकांक्षाचे पांढरे बूट आले. होऊ दे एकदा यांची फजिती, असं त्यांना वाटलं.

"आता कागद बंद आहेत," त्या म्हणाल्या. "टाक तुझ्या ॲपवर."

लवूने पान घडी करून खिशात घातलं आणि दोन दिवसांनी दिवाळीला कुडाळला निघून गेला.

नोव्हेंबरच्या सहा तारखेला, बुधवारी सकाळी, कुमुद भुवनमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या रमाबाई देवाला फुलं आणून लिफ्टने वर आल्या. वय बहात्तर. लिफ्ट थांबली, त्यांनी जाळी सरकवली, एक पाय बाहेर टाकला, आणि लिफ्ट खाली सरकली. खुब्याचं हाड मोडलं आणि आत अडकलेल्या पायाचा घोटा चिरडला. शेजाऱ्यांनी आरडाओरडा करून मेन स्विच बंद केला म्हणून जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी कंपनीने सोसायटीला आणि सरकारी लिफ्ट इन्स्पेक्टरला पत्र पाठवलं. दरमहा तपासणी वेळेवर झाली होती. मेकॅनिक परब याने दर वेळी 'ब्रेक ठीक' असं कळवलं होतं. त्याच्या हलगर्जीपणाबद्दल त्याला कामावरून दूर केलं आहे. सोबत कॉम्प्युटरमधून काढलेला तक्ता होता. जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा, एकही चौकट रिकामी नाही. पत्राची प्रत नलूताईंकडे फाइल करायला आली. त्यांनी तो तक्ता पाहिला आणि त्यांना हसू आलं नाही.

लवू कुडाळहून धावत आला. दारात उभा राहिला, आत येईना. त्याला पोलीस चौकीतून फोन आला होता. सोसायटीचे लोक त्याच्या घरी जाऊन बायकोला वाट्टेल ते बोलून आले होते.

"मी लिवन दिलंय," तो म्हणाला. "तीन येळा. तुमका ठावक आसा."

नलूताईंनी त्याला बसायला सांगितलं नाही. त्यांनी त्याला एवढंच सांगितलं, की जिथे जे लिहिलं आहे ते तिथेच आहे, आणि तू आता घरी जा. हे बोलताना त्यांनी त्याच्याकडे पाहण्याचं टाळलं.

पुढच्या मंगळवारी हितेंद्र लालबागला आला. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच जिना चढला होता. नाकाला रुमाल, डोळ्यांत पाणी, आणि चार शिंका झाल्यावर पाचवीच्या आत बोलणं उरकण्याची घाई. त्याने एक कागद पुढे केला. कागद नष्ट केल्याचा तो दाखला होता. अठ्ठावीस फायली स्कॅन करून यंत्रात फाडल्याचं त्यात लिहिलं होतं, आणि त्या यादीत सव्विसावी कुमुद भुवनची होती. खाली तारीख सतरा सप्टेंबर, आणि सहीच्या जागी 'रेकॉर्ड प्रमुख'. स्कॅन केलेली प्रत सर्व्हर बदलताना गेली, असं तो म्हणाला. तांत्रिक गोष्टी असतात, आपण सही करून टाका, म्हणजे विषय संपला.

नलूताईंनी दाखला सावकाश वाचला. वाचायला फार काही नव्हतं, पण सावकाश वाचलेलं हितेंद्रला सहन होत नाही हे त्यांना माहीत होतं. ती फाइल त्यांच्या उजव्या हाताला, तिसऱ्या रॅकवर, नेहमीच्या जागी उभी होती.

"फाइल तर ही इथे आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच ती घेऊन जातोय मी," हितेंद्र म्हणाला.

इतका कोडगेपणा नलूताईंनी अपेक्षिला नव्हता. सही करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हितेंद्रने आवाज चढवला नाही. मार्चमध्ये निवृत्ती आहे ना मॅडम, ग्रॅच्युइटीचे कागद माझ्याच टेबलावरून जातात, एवढंच तो बोलला. मग त्याने फाइल उचलून काखेत मारली. नलूताईंनी आवक-जावक रजिस्टर उघडलं, तारीख घातली, लिहिलं: 'कुमुद भुवन, मूळ फाइल, पानं एकशे बारा, नेणार हितेंद्र सर', आणि रजिस्टर त्याच्यापुढे फिरवून बोट ठेवलं.

हितेंद्रला पाचवी शिंक आली. रुमालातून डोळे बाहेर काढून त्याने त्या बोटाच्या जागी हिरवी, झोकदार सही ठोकली. कुरिअरवाल्याच्या वहीवर, सोसायटीच्या गेटवर, जिथे कुणी बोट ठेवी तिथे तो सही करी. त्या सवयीने त्याने ही केली आणि जिना उतरून गेला.

नलूताईंना त्या संध्याकाळी आनंद व्हायला हवा होता. हितेंद्रची मान आता त्यांच्या रजिस्टरात अडकली होती. जुलै आणि ऑगस्टच्या रिपोर्टांच्या नोंदीही त्याच रजिस्टरात होत्या, विषयासह, कारण विषय लिहिल्याशिवाय नलूताई कागद आत घेतच नसत. लवूची सुटका करायला एवढं पुरे होतं. पण ऑक्टोबरची पानं उलटताना त्या अठ्ठावीस तारखेला आल्या. त्या दिवशी तीन नोंदी होत्या. एक पाण्याच्या बिलाची, दोन पत्रांच्या. लवूच्या कॅलेंडरच्या पानाची नव्हती. त्यांनी ते आत घेतलंच नव्हतं. आणि हे लवू आणि त्या सोडून जगात कुणालाही माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी त्या ठाकुरद्वारला उतरल्या. कुमुद भुवन ही इमारत एकतीस वर्षं त्यांना नंबराने ठाऊक होती. पाहिली कधीच नव्हती. लिफ्टच्या जाळीला नायलॉनची दोरी बांधली होती. त्या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेल्या. दार रमाबाईंची सून रुपाली हिने उघडलं. कंपनीच्या म्हटल्यावर तिचा चेहरा कडक झाला. आत बोलावलं, पण पाणी विचारलं नाही. नलूताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही; त्यांनीही विचारलं नसतं.

रमाबाईंना आदल्याच दिवशी घरी आणलं होतं, खुर्चीत बसवून, चौघांनी जिन्यावरून उचलून. त्या खिडकीजवळच्या पलंगावर पडून होत्या. पायावर चादरीचा तंबू केला होता. रुपाली सांगत होती, डॉक्टर म्हणतात वर्ष लागेल आणि तरी पहिल्यासारखं चालणं व्हायचं नाही, आणि एवढं होऊन तुमचा मेकॅनिक मोकळा फिरतो. रमाबाईंनी तिला हाताने थांबवलं. त्या नलूताईंकडे बराच वेळ बघत होत्या.

"तुमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं का हो?" त्यांनी विचारलं.

नलूताईंना कंपनीच्या पत्रातलं वाक्य पाठ होतं. ते त्यांच्या तोंडात आलंच नाही.

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मलाही."

त्यापुढे तिथे बसण्यात अर्थ नव्हता. रुपालीने त्यांच्यामागे दार लावून घेतलं, जरा जोरातच.

इन्स्पेक्टरची चौकशी त्यानंतरच्या गुरुवारी लोअर परळच्या ऑफिसात ठेवली होती. नलूताईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या सकाळीच इन्स्पेक्टरच्या कचेरीत गेल्या आणि रेकॉर्ड प्रमुख म्हणून हजर राहू इच्छिते, असा अर्ज देऊन त्याची पोच घेतली. मग दोन रजिस्टरं कापडी पिशवीत घालून त्या टॉवरमध्ये पोचल्या. एकोणिसाव्या मजल्यावरच्या चौकशीच्या खोलीत टेबल होतं, पण टेबलाला खण नव्हते. खण नसलेल्या टेबलावर काम करणाऱ्यांबद्दल त्यांचं मत आणखी खाली गेलं.

इन्स्पेक्टर साठीकडे झुकलेला, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला, मितभाषी गृहस्थ होता. एका बाजूला नील, हितेंद्र आणि आकांक्षा, दुसऱ्या बाजूला लवू एकटा, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. हितेंद्रने तक्ता दाखवला, मग तो दाखला पुढे ठेवला. मूळ फाइल सप्टेंबरमध्येच नियमाप्रमाणे नष्ट झाली, असं तो म्हणाला. दाखल्यावर आता आकांक्षाची सही होती आणि तिच्याखाली हितेंद्रची. इन्स्पेक्टरने तो नलूताईंपुढे सरकवला आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते विचारलं.

नलूताईंनी आधी तारखेवर बोट ठेवलं. सतरा सप्टेंबर ही अनंत चतुर्दशी होती, असं त्या म्हणाल्या. त्या दिवशी लालबागच्या रस्त्यावर माणसाला पाऊल टाकायला जागा नसते. तिथे स्कॅनिंगवाल्यांचा टेम्पो आला आणि अठ्ठावीस फायली भरून गेला असेल तर कंपनीने त्या ड्रायव्हरचा सत्कार करावा. इन्स्पेक्टरच्या ओठांचा कोपरा हलला. आकांक्षाचा चेहरा उतरला. तिने खालच्या आवाजात सांगितलं, की तारीख आधीच टाइप केलेली होती, सरांनी सही करायला सांगितलं, तिने केली.

"वाचलं नाहीस?" नलूताईंनी विचारलं.

पोरीला कुठल्याशा महागड्या कॉलेजात प्रोसेस शिकवली होती, वाचायचं तेवढं राहून गेलं होतं.

मग नलूताईंनी रजिस्टर उघडलं. जुलैची नोंद, ऑगस्टची नोंद: लवू परब, कुमुद भुवन, ब्रेकचं अस्तर घासलं आहे, बदलावं, सर्व्हिस विभागाकडे रवाना. आणि शेवटी गेल्या आठवड्यातल्या मंगळवारची नोंद. सप्टेंबरात चिंध्या झालेली फाइल नोव्हेंबरात पानं एकशे बारासह सही करून नेलेली. इन्स्पेक्टरने हिरवी सही पाहिली, दाखल्याखालची हितेंद्रची सही पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. फाइल कुठे आहे, एवढंच त्याने विचारलं.

हितेंद्रने नीलकडे पाहिलं. नील काचेबाहेर पाहू लागला. फाइल हितेंद्रच्या केबिनमध्ये, छत्री आणि जुन्या डायऱ्यांच्या मागे निघाली. सबंध कंपनीचे कागद फाडायला निघालेल्या माणसाला ही एक फाइल आठवडाभरात फाडता आली नव्हती. चिंध्या करायचं यंत्र आकांक्षाच्या माणसांच्या ताब्यात होतं आणि त्यांच्यासमोर ती बाहेर काढायची त्याला भीती वाटली होती. स्वतःच्या हाताने पान फाडणं त्याला सुचलंही नसावं. शेरे होते तसेच होते, हिरव्या शाईत.

लवू उठून उभा राहिला. त्याला वाटलं, संपलं. नलूताईंनाही तिथे थांबता आलं असतं. इन्स्पेक्टर रजिस्टर मिटत होता.

"अजून एक आहे," नलूताई म्हणाल्या. "ते रजिस्टरात सापडायचं नाही."

त्यांनी अठ्ठावीस ऑक्टोबरचं सगळं सांगितलं. कॅलेंडरचं पान, त्यावरचा मजकूर, लवूने मागितलेला फॉर्म. फॉर्म माझ्या कपाटात होते, मी दिले नाहीत, त्या म्हणाल्या. का, असं इन्स्पेक्टरने विचारलं. नलूताईंना सोपं उत्तर देता आलं असतं, नियमाचं. त्या म्हणाल्या, या लोकांची फजिती व्हावी म्हणून. एवढा हलका माणूस त्यांनी आजवर कुठल्याच फायलीत पाहिला नव्हता, आणि तो त्या स्वतः होत्या. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच राहिला. हात मात्र पिशवीच्या बंदाला पीळ घालत होते. लवूने पाकिटातून ते घडी केलेलं पान काढून टेबलावर ठेवलं. त्याने ते जपून ठेवलं होतं. नलूताईंचं नाव मात्र त्याने तोवर कुणापाशीही घेतलं नव्हतं.

रजिस्टरं इन्स्पेक्टरने ताब्यात घेतली. पोच घेतल्याशिवाय नलूताईंनी ती सोडली नाहीत.

पुढे काय व्हायचं ते झालं. लवूवरचा ठपका पुसला गेला. कंपनीने त्याला परत बोलावलं, पण तो गेला नाही. प्रभादेवीच्या दुसऱ्या एका लिफ्टवाल्याकडे लागला. हितेंद्रवर गुन्हा नोंदला गेला. त्याच्या आधी चारच दिवस त्याने 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा दिला होता, आणि तो स्वीकारताना एकोणिसाव्या मजल्यावर केक कापला गेला, असं नलूताईंच्या कानावर आलं. नील एकदा लालबागला आला. मला यातलं काही माहीत नव्हतं नलू मॅम, असं तो तीनदा म्हणाला. नलूताई म्हणाल्या, तुझे आजोबा दर शनिवारी इथे बसून रिपोर्ट वाचायचे. माहीत नसणं तुला फुकट मिळालेलं नाही, त्याची किंमत रमाबाईंनी दिली. नील मिरचीच्या खकाण्याने शिंकू लागला.

चौकशीनंतर कंपनीने लेखी ठपका एकाच व्यक्तीवर ठेवला, नलूताईंवर. चौकशीत कबुली दिलेल्या त्या एकट्याच होत्या ना. सुरक्षेसंबंधी कागद स्वीकारण्यास नकार दिल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, असं तीन परिच्छेदांचं पत्र आलं. पत्रात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. नलूताईंनी त्या लाल पेनने दुरुस्त केल्या आणि खाली उत्तर लिहिलं: 'मान्य आहे. कारवाई करावी.' कारवाई कुणी केली नाही. त्यासाठी फाइल वाचावी लागली असती.

जानेवारीत स्कॅनिंगवाले गेले. नलूताईंना निवृत्तीला अडीच महिने उरले होते. त्यांनी पहिल्या रॅकपासून सुरुवात केली आणि चारशे फायली एकेक करून उघडायला घेतल्या. ज्या कागदांना त्यांनी आजवर फक्त नंबर दिले होते ते त्या आता वाचू लागल्या. दुपारचा चहा टेबलावर निवून जाई. ब्रेक, दोरखंड, दाराचं कुलूप, यांतलं काहीही 'बदला' म्हणून लिहिलेलं आणि त्यावर हिरव्या शाईत 'थांबा' म्हटलेलं आढळलं, की ती फाइल वेगळी काढायची. सातव्या दिवसापर्यंत अशा अकरा फायली निघाल्या. दोन दादरच्या, एक परळची, तीन गिरगावच्या, बाकीच्या माहीमच्या. नलूताईंनी अकरा सोसायट्यांना आणि इन्स्पेक्टरला स्वतःच्या सहीने पत्रं लिहिली, की लिफ्ट आजपासून बंद ठेवावी. वर कुणालाही विचारलं नाही.

पत्रं गेल्यावर तिसऱ्या दिवशी माहीमच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. तो तापला होता. इतकी वर्षं लिफ्ट व्यवस्थित चालू असताना ती अशी अचानक बंद करायला सांगणाऱ्या तुम्ही कोण, तुमचं पद काय, मालकांचं पत्र कुठे आहे, असं त्याने एका दमात विचारलं. नलूताईंनी त्याला गेल्या वर्षीचा रिपोर्ट शब्द न् शब्द वाचून दाखवला.

"अहो, पण आमची इमारत पाच मजल्यांची आहे," तो शेवटी म्हणाला. "लोकांनी करायचं काय?"

"चढा," नलूताई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवून पुढची फाइल ओढली.